सातारा-सांगलीतल्या पारधी, कातकरी कुटुंबांची कोर्टाची कामं: अनुभव आणि मदत हवी

वेण्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे फक्त वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी साताऱ्यात वकिली करते, आठवं वर्ष चालू आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव असल्यामुळे फी परवडत नाही अशा लोकांची कामं माझ्याकडे येतात. गेल्या दीड वर्षात एकाच पारधी कुटुंबाची तीन कामं एकापाठोपाठ आली. नावगाव लिहीत नाही.

पहिलं काम थोरल्या मुलाचं, वय २२. शेजारच्या गावात घरफोडी झाली आणि त्याला रात्री पालावरून उचललं. फिर्यादीत नाव नाही, वर्णन नाही. रिमांडला, म्हणजे कोठडी मागायला कोर्टात उभा केल्यावर न्यायाधीश साहेबांनी विचारलं, अटकेची कारणं समजली का? त्याने मान हलवली. बाहेर आल्यावर आई म्हणाली, त्याला त्या कागदातलं काहीच कळलं नव्हतं. घरात पारधी बोली, बाजारात मराठी. कोर्टाची मराठी त्याने कधी ऐकलेलीच नाही.

दुसरं काम धाकट्या मुलीचं. बारावी झाली, नर्सिंगला जायचंय. अनुसूचित जमातीच्या जागेसाठी वैधता प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा पालावर जन्मले, शाळेची पायरी चढले नाहीत. कुठून आणायचा पुरावा?

तिसरं, राहतात ते गायरानात. अतिक्रमण काढण्याची नोटीस लागली आहे.

घरफोडी झाली की ही माणसं पारधी आहेत हे पोलिसांना कुणी सांगावं लागत नाही, रात्रीत पालावर गाडी येते. त्याच घरातल्या मुलीला मात्र आपण पारधी आहोत हे सिद्ध करायला दीड वर्ष झालं. मला यावर रात्री झोप लागत नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या बारमध्येही ऐकू येतं, 'आपल्याकडे कुठले आदिवासी?' सातारा-सांगलीत संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतलं (आदिवासी म्हणून जाहीर झालेलं) क्षेत्र नाही, त्यामुळे पेसा, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू नाही. आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयासाठी जिल्ह्याबाहेर जावं लागतं. पण जावळी-पाटणकडे कातकरी आहेत, माण-खटाव आणि जत-आटपाडीकडे पारधी आहेत. हे लोक नंदुरबार-गडचिरोलीत असते तर निदान त्यांच्यासाठी एखादं कार्यालय असतं. ज्यांनी अशी कामं केली आहेत, किंवा ज्यांच्या घरातच हे घडलं आहे, त्यांनी कृपया लिहा.

मिरज जंक्शन

ताई, सांगलीकडे २६ वर्षं फौजदारी कामं करतोय. आधी अटकेबद्दल लिहितो, कारण त्याला वेळ कमी असतो.

६ नोव्हेंबर २०२५ चा मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल छापून बॅगेत ठेवा. अटकेची कारणं लेखी द्यायची, आरोपीला कळेल अशा भाषेत द्यायची, आणि लगेच देणं शक्यच नसेल तर रिमांडला हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी द्यायची. गुन्हा कुठलाही असो. तुमच्या मुलाची अटक त्याआधीची असेल तर ती दोन तासांची मुदत लागू करून घेता येणार नाही, पण कारणं कळवण्याचा हक्क संविधानाच्या कलम २२ मध्ये पहिल्यापासून आहे. मान हलवली म्हणजे समजलं, असं होत नाही. पुढच्या वेळी पारधी बोली जाणणारा माणूस उभा करा आणि तशी नोंद घ्यायला लावा.

दुसरा निकाल ३ ऑक्टोबर २०२४ चा, सुकन्या शांता. लोक त्याला तुरुंगातल्या जातिभेदाचा निकाल म्हणून ओळखतात, कारण कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना त्याने काढायला लावला. पण शेवटच्या निर्देशांमध्ये आपल्या कामाची ओळ आहे: विमुक्त जमातींच्या (इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या) माणसांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनी अर्नेश कुमार (२०१४) आणि अमानतुल्ला खान (२०२४) या निकालांतल्या सूचना पाळायच्या आहेत. पहिला निकाल सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी नोटीस देण्याबद्दल आहे, म्हणजे आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५. दुसरा हिस्ट्रीशीटबद्दल, म्हणजे पोलीस ठेवतात त्या संशयितांच्या यादीबद्दल. मागास समाजातल्या निरपराध माणसांची नावं नुसत्या पूर्वग्रहावरून त्या यादीत चढतात, हे न्यायालयाने तिथे स्वतःहून नोंदवलं आहे.

मी जामीन अर्जात हा परिच्छेद सरळ उतरवतो. सगळीकडे चालतो असं म्हणणार नाही. पण न्यायाधीश वाचतात, आणि एकदा वाचलं की सरकारी वकिलाला 'आरोपी सवयीचा गुन्हेगार आहे' एवढ्यावर थांबता येत नाही. कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झाली ते दाखवावं लागतं.

हिरवा माथा

वाचतोय. चांगला धागा.

गाव नमुना

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो, तलाठी म्हणून सुरुवात केली होती. वैधतेच्या पुराव्याबद्दल मला सांगता येईल.

पालावर जन्मलेल्या माणसाचा कागद नसतो हे खरं, पण नसतोच असं धरून चालू नका. त्याच्या भावकीतल्या कुणाचा तरी असतो. आधी वडिलांच्या बाजूची सगळी भावकी कागदावर मांडा: चुलत आजोबा, त्यांची मुलं, कोण कुठल्या गावात राहिलं. मग त्या त्या गावच्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर बघा. एखादा चुलता दोन वर्षं का होईना शाळेत गेलेला असतो. त्यानंतर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. पूर्वी मयताच्या नोंदीत जात लिहीत. आपल्याकडच्या जुन्या नोंदी पुष्कळ मोडीत आहेत आणि कक्षातल्या माणसाला मोडी येत नसेल तर तो 'काही सापडलं नाही' असं लिहून देतो. तो दाखला घेऊन गप्प बसू नका. मोडी वाचणारा सोबत न्या.

आणखी एक जागा आहे, लिहिताना जड जातंय. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, १९२४ मध्ये तो नव्याने बांधला. नोंद झालेल्या माणसाला ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवानगी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. पण हजेरीचे कागद काही ठिकाणी उरलेत, आणि त्यात नाव, बापाचं नाव, जमात, गाव, सगळं असतं. एका म्हातारबाबांच्या नातवाला मी असाच कागद शोधून दिला होता. १९५० च्या आधीचा, सरकारी, जमात स्पष्ट लिहिलेली. नातवाने तो वाचला आणि बराच वेळ काही बोलला नाही. जमातीचे दावे पडताळणाऱ्या समितीने तो पुरावा धरला.

वेण्णाकाठ

काका, हा रस्ता मला माहीतच नव्हता. मोडीचंही डोक्यात आलं नव्हतं. 'नोंद आढळून येत नाही' असे दोन दाखले माझ्या फायलीत आधीच आहेत. आता दोन्ही ठिकाणी परत जाते.

त्या समितीच्या दक्षता पथकाच्या चौकशीबद्दल कुणी सांगेल का? घरी येऊन देव कुठला, लग्नात काय करता, मयताला पुरता की जाळता, असं विचारतात. मुलगी वसतिगृहात वाढली आहे. तिला निम्म्या प्रश्नांची उत्तरं येणार नाहीत.

मिरज जंक्शन

त्याची भीती आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. २४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं की ही अॅफिनिटी टेस्ट, म्हणजे चालीरीतींवरून जमात ओळखणं, ही निर्णायक कसोटी नव्हे. माणसं शिकतात, गाव सोडतात, चालीरीती बदलतात. कागद भक्कम असेल तर केवळ देवाचं नाव चुकलं म्हणून दावा फेटाळता येत नाही. त्याशिवाय वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यात कुणाला रीतसर चौकशी होऊन वैधता मिळाली असेल तर तिचं वजन मोठं असतं. मुंबई उच्च न्यायालयाने अपूर्वा निचळे प्रकरणात २०१० सालीच तसं सांगितलंय. म्हणून भावकीत आधी कुणाला वैधता मिळाली आहे का, ते विचारा.

पण दुसरी बाजूही सांगतो, कारण आपले पक्षकार कधी कधी घाईत चुकीचा कागद आणतात. २००१ पासून लागू असलेल्या आपल्या राज्याच्या कायद्यात खोट्या दाखल्यावर मिळालेला प्रवेश, नोकरी, पद सगळं जातं आणि फौजदारीही होते. २०१७ च्या बहिरा निकालाने तर इतकी वर्षं नोकरी केली ही सबबही संपवली. हा कडकपणा खऱ्या आदिवासींच्या जागा वाचवण्यासाठीच आहे. एजंट 'रजिस्टरमध्ये करून देतो' म्हणाला तर तिथून उठून या.

रानवाट

मी पारधी आहे. सांगली जिल्ह्यातला. समाजकार्याची पदवी घेतली, आता वस्त्यांवर काम करतो. ताईंनी पहिल्या पोस्टमध्ये जे लिहिलंय ते वाचून फोन बाजूला ठेवला होता, आज परत आलो.

मी सातवीत असताना वडिलांना नेलं होतं. नऊ दिवसांनी सोडलं, केस झालीच नाही. त्या नऊ दिवसांत आईने दोन शेळ्या विकल्या, एका माणसाला पैसे दिले. तो म्हणाला होता वकील लावतो. वकील कुणी आलाच नाही. जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे मला पदवीच्या दुसऱ्या वर्षी कळलं. १९८७ चा कायदा, कलम १२. कोठडीतल्या माणसालाही मिळतो, बाईलाही मिळतो. ज्या पालावर जातो तिथे मी आधी हेच सांगतो. लोक विचारतात, फुकटचा वकील नीट बोलेल का? तुमच्यासारख्यांनी याचं उत्तर उभं राहून दिलं पाहिजे.

वकील मंडळींना एक विनंती आहे. आमची माणसं तारखेला येत नाहीत म्हणून तुम्ही वैतागता. हंगामात आम्ही गावात नसतो. नंबर बदलतो. समन्स पालावर येतं तेव्हा पाल हललेलं असतं. मग अजामीनपात्र वॉरंट निघतं आणि मूळ केस दोनशे रुपयांची असली तरी माणूस आत जातो. एक नंबर असा घेऊन ठेवा जो बदलत नाही. शाळेतल्या बाईंचा, किराणा दुकानदाराचा, कुणाचाही.

आणखी एक. खोटी केस घातली तर अॅट्रॉसिटी कायद्यात तो स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ३(१)(पी) आणि (क्यू). आमचा पारधी समाज विमुक्तही म्हणवतो, पण महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातीच्या यादीत आहे, त्यामुळे हा कायदा आम्हाला लागतो. कैकाडी, वडार, रामोशी भावांना आपल्या भागात तो लागत नाही, अन्याय मात्र तोच होतो. याबद्दल कुणी बोलत नाही.

मिरज जंक्शन

रानवाट, तुमचा शेवटचा मुद्दा मी स्वतः कितीदा अनुभवलाय. तक्रार लिहायला बसलो की पहिला प्रश्न जातीच्या दाखल्याचा, आणि 'विमुक्त जाती' दिसलं की ते कलम लावता येत नाही.

कोयनाकाठचा धनगर

आमचंबी ऐका जरा. आम्ही गवळी धनगर. आदिवासीत आमचं नाव न्हाई, त्या वादात मी पडत न्हाई. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ ला धनगड म्हंजे धनगरच, असं म्हणणाऱ्या याचिका फेटाळल्या ते सगळ्यांना म्हाईत आहे. माझं म्हणणं जंगलाचं हाय. आमचा आजा धरण व्हायच्या आधीपासून वरच्या अंगाला म्हशी राखायचा. शिवसागर झाला, खालची गावं बुडली, आम्ही वर राहिलो. मग अभयारण्य झालं, मग व्याघ्र प्रकल्प. वनहक्काचा दावा टाकला तर म्हणाले ७५ वर्षांचा पुरावा द्या. आमच्या आज्याला सही येत नव्हती.

हिरवा माथा

मी पक्षी-प्राण्यांसाठी सह्याद्रीत फिरतो, म्हणून मनापासून विचारतो, राग नसावा. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरचा, चार जिल्ह्यांत पसरलेला. एवढ्या वर्षांनी वाघ टिकायची आशा आहे. प्रत्येक वस्तीला हक्क मिळाले तर गाभा क्षेत्र उरेल का?

वेण्णाकाठ

प्रश्न रास्त आहे. पण वनहक्क कायदा, २००६ चा, नवीन जमीन वाटत नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो ताबा आहे तोच नोंदवतो, तोही चार हेक्टरपर्यंत. ती जमीन विकता येत नाही, आणि पती-पत्नी दोघांच्या नावे होते. गाभा क्षेत्रातून माणसं हलवायची असतील तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३८-व्ही मध्येच रस्ता आहे: आधी हक्कांची नोंद, मग ग्रामसभेची समजून-उमजून दिलेली संमती, मग पुनर्वसन. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही हलवू नये असं वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सांगतं. चांदोलीच्या उठवलेल्या गावांतली माणसं तुम्हाला भेटली असतील. कागद आधी झाला असता तर त्यांना इतकी वर्षं हेलपाटे घालावे लागले नसते. वाघ यावा असं मलाही वाटतं. जंगलात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसाला अतिक्रमणवाला ठरवून मात्र नको.

फेब्रुवारी २०१९ आठवतो का? १३ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना बाहेर काढायला सांगितलं आणि २८ ला स्वतःच्या आदेशाला स्थगिती दिली. मधल्या पंधरा दिवसांत जावळीतल्या एका कातकरी वस्तीवर गेले होते. तिथे कुणाकडेही दावा फेटाळल्याचं कारण लेखी नव्हतं. तोंडी सांगितलं होतं, 'तुमचं नामंजूर.'

गाव नमुना

धनगर भाऊ, पंचाहत्तर वर्षांबद्दल एक नीट समजून घ्या. जंगलात राहण्याचा आणि जंगलावर जगण्याचा पुरावा तीन पिढ्यांचा लागतो. त्याच तुकड्यावर ७५ वर्षं ताबा असावा असं कायदा म्हणत नाही. ताबा २००५ च्या तारखेचा पुरे. वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये पुराव्याची यादी आहे. त्यात वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब आहे, जुनी घरं, विहिरी, दफनभूमी, देवाची ठाणी आहेत, आणि गॅझेटियरही आहे. सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर १८८५ चं. त्यात धनगरांची माहिती आहे, ती पानं जोडा. उपग्रहाचा फोटो दाखवून नाही म्हणत असतील तर २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय की असा फोटो पुराव्याला पूरक आहे, त्याच्या जागी चालत नाही.

आणि तुकड्याच्या दाव्याबरोबर चराईचा सामूहिक दावाही टाका. भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क त्या कायद्याच्या कलम ३(१)(डी) मध्ये नाव घेऊन दिलाय. तुमची खरी गरज ती आहे, असं मला वाटतं.

कोयनाकाठचा धनगर

चराईचं आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई काका. दावा वैयक्तिकच भरून घेतला होता. देवाची ठाणी तर हायेतच, धरणाच्या आधीची.

मिरज जंक्शन

लेखी नकार मागून घ्या. ज्या दिवशी कळवतील तिथून ६० दिवसांत वनहक्काच्या उपविभागीय समितीकडे दाद मागा, तिथून परत ६० दिवसांत जिल्हा समितीकडे. इथे आपल्या जिल्ह्यांची अडचण परत आडवी येते. २०२० मध्ये राज्यपालांनी जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपिलाची सोय केली, पण ती पाचव्या अनुसूचीच्या अधिकारात, म्हणजे अनुसूचित क्षेत्रापुरती. सातारा-सांगलीच्या माणसाला जिल्हा समितीनंतर सरळ उच्च न्यायालयात रिट करावं लागतं.

येरळा

विट्याकडे वकिली करते, चौथं वर्ष. त्या रिटबद्दलच लिहायचं होतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सातारा आणि सांगली दोन्ही त्यात आहेत. पूर्वी मुंबईला जायचं म्हणजे रात्रीची गाडी, तिथल्या वकिलाची फी आणि काम लागेल की नाही याची खात्री नाही. मागच्या महिन्यात एका कातकरी बाई मुलाला कडेवर घेऊन माझ्यासोबत सकाळच्या एसटीने कोल्हापूरला आल्या, सुनावणी ऐकली आणि रात्री घरी होत्या. आपलं काम कुणासमोर चाललंय हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

दुसरी अडचण जामीनदाराची. जामीन मिळतो, पण सातबारावाला जामीनदार कुठून आणायचा? सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने अट सैल करण्याचा विचार स्वतःहून करावा. मी अर्जात हाच आदेश टाकते. दोनदा जामीनदाराशिवाय, जातमुचलक्यावर सुटका झाली.

पैशांबद्दलही लिहिते, कुणी लिहीत नाही म्हणून. पॅनेलची फी तुटपुंजी असते आणि उशिरा येते. घरी विचारतात, ही कामं किती दिवस? मी दिवाणी दाव्यांवर घर चालवते आणि आठवड्याचा एक दिवस यांच्यासाठी ठेवते. तेवढंच जमतं. तेवढं पुरत नाही हेही मला माहीत आहे.

वेण्णाकाठ

येरळा, तू एकटी नाहीस. आपण दोघी-तिघी मिळून दिवस वाटून घेऊ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

गायरानाबद्दल उत्तर आलं नाही, म्हणून मी काय करतेय ते लिहून ठेवते. २०२२ च्या अखेरीस राज्यभर नोटिसा गेल्या तेव्हापासून सगळे २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असं सांगणाऱ्या निकालाचा, हवाला देतात. त्याच निकालाच्या शेवटी अपवाद आहे: सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिला असेल तिथे अतिक्रमण नियमित होऊ शकतं. आमच्या कुटुंबाकडे पट्टा नाही. म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम ५१ खाली नियमानुकूल करण्याचा अर्ज केलाय. सोबत घरपट्टीचा उतारा, मतदार यादी, वीजबिलं जोडली आहेत, आणि त्यावर निर्णय होईपर्यंत घर पाडू नये अशी मागणी केली आहे. तारीख पुढच्या महिन्यात.

थोरला जामिनावर सुटलाय. गुरुवारी मी माणच्या जुन्या शाळेत रजिस्टर बघायला जातेय. गाव नमुना काका सोबत येतो म्हणालेत, मोडी वाचणारे त्यांचे स्नेहीही येणार आहेत.

रानवाट

ताई, आजीला बरोबर घ्या. मुलीच्या आजीला. आमच्यात एकेका माणसाला दोन-तीन नावं असतात, घरातलं वेगळं, शाळेतलं वेगळं, पोलिसांच्या कागदातलं वेगळं. सासऱ्याची आणि दिरांची सगळी नावं तिलाच पाठ असणार. रजिस्टर उघडायच्या आधी ती सगळी लिहून घ्या, नाहीतर समोर असलेलं नावही दिसायचं नाही.

वेण्णाकाठ

आत्ताच फोन केला. आजी येते म्हणाली. सासऱ्याची तीन नावं तिने फोनवरच सांगितली. त्यातलं एक माझ्या फायलीत कुठेच नव्हतं.